गाडी गरम होते? परतवाड्याच्या अलीकडचा रेडिएटरवाला मिस्त्री: माझा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक कमी कशाचा, ते खाली लिहिलं आहे.

दुकानाला बोर्ड नाही. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर-अंजनगावकडून परतवाड्याला येताना पथ्रोट मागं पडलं की पुढं रस्त्याला लागून एक टिनाचं शेड दिसतं. बाहेर जुन्या रेडिएटरची, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या जाळ्यांची, चळत रचलेली आहे, ट्रॅक्टरचे, जीपचे, एखाद्या ट्रकचाही. तीच खूण. फोन लावून विचारू म्हणाल तर मिस्त्री फोन उचलत नाही. पानठेल्यावर विचारा, लगेच सांगतील.

माझं दर्यापूर तालुक्यात बिछायत केंद्र आहे. लग्नसराई एप्रिल-मेची, आणि आपल्याकडे गाडी गरम व्हायचा मोसमही तोच. गाद्या, सतरंज्या, गंज, कढया, मंडपाचे पाईप पिकअपमधून जातात आणि मी दोन कारागीर घेऊन कारने आधी पोचतो. कार म्हणजे जुनी पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा निघाला नाही.

या गाडीला टेम्परेचरचा काटाच नाही. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, जास्त तापलं तर लाल दिवा, मधे काही नाही. म्हणजे लाल दिवा लागतो तेव्हा चांगलाच उशीर झालेला असतो. काटा असलेल्या गाडीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे आजकालच्या गाड्यांचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमधच ठेवलेला असतो, आणि तो हलला म्हणजे आतलं पाणी केव्हाच भडकलेलं असतं.

आधीचं थोडक्यात सांगतो. मागच्या उन्हाळ्यात लाल दिवा लागला म्हणून गाडी तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी काहीतरी काढलं, काहीतरी भरलं, गाडी सुरू झाली. यंदा मार्चपासून पुन्हा तेच. एसी लावून मोठ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं निघालो की वीसेक किलोमीटरवर लाल दिवा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुसऱ्या गॅरेजनं बॉनेट उघडून पाहिलं, सायलेन्सरपाशी हात धरला आणि सांगितलं, हेड गॅसकेट (इंजिनच्या वरच्या भागाची, म्हणजे हेडखालची सील) गेलं, हेड उतरवावं लागेल, बावीस हजार धरून चाला. कोणतीही तपासणी नाही. समोर लग्नाच्या तारखा. तेव्हा पथ्रोटचे माझे साडभाऊ म्हणाले, "बावीस हजार द्याच्या आंधी आमच्या मिस्त्रीले दाखवा ना एक डाव."

इथला पहिला नियम असा की गाडी थंडच पाहिजे. गरम गाडी घेऊन गेलात तर मिस्त्री हातसुद्धा लावत नाही, कडुनिंबाखाली उभी करायला सांगतो. मी आदल्या रात्रीच नेऊन ठेवली होती.

सकाळी आलो तर बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न सुरू.

"उभ्यानं गरम होते का चालताना?"

चालताना. लग्नाच्या दारात एसी लावून अर्धा तास उभी राहिली तरी काही होत नाही.

"चढावर?"

मेळघाटातल्या घटांगच्या चढावर तर हमखास.

"थंडीत निळा दिवा किती टाइम राहे?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. हिवाळ्यात सकाळी घरून निघालो की दर्यापूर यायचं, तरी निळा दिवा जळतच असायचा. मी त्याला थंडीचा गुण समजत होतो. मिस्त्रीनं मान डोलावली, पण बोलला काही नाही.

मग कारण सांगितलं, तेही हाताखालच्या पोट्ट्याला शिकवल्याच्या सुरात. गाडी उभी असताना हवा ओढायचं काम फॅन करतो. उभ्यानं गरम झाली तर आधी फॅन, त्याची रिले, फ्यूज, सेन्सर बघायचा. धावताना फॅनची तेवढी गरज नसते, हवा आपोआप जाळीतून जाते. म्हणून उभ्यानं ठीक आणि धावताना गरम म्हटलं की पाणी कमी तरी असणार, पंप फिरवत नसणार, किंवा रेडिएटर आतून नाहीतर बाहेरून बुजलेला असणार. दोन्हीकडे गरम होत असेल तर मग वॉल (थर्मोस्टॅट), गॅसकेट वगैरेचा नंबर. एवढ्या दोन प्रश्नांत अर्धी गाडी बाजूला पडली.

झाकण उघडलं. पाणी तपकिरी, आणि तोंडाच्या कडेला पांढरी खपली. मिस्त्रीनं ती नखानं खरवडून माझ्यासमोर धरली. "दर्यापूरचं पानी." आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात बोअरला खारंच पाणी लागतं. गॅरेजवाल्यानं कुलंटच्या (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाच्या) नावाखाली नळी लावून तेच भरलेलं. माणसाच्या पिण्याचं पाणी आम्ही दुसरीकडून आणतो, आणि गाडीला मात्र बोअरचं पाजतो! क्षार ॲल्युमिनियम खातात आणि गरम होऊन नळ्यांत बसतात, दोन्ही बाजूंनी नुकसान.

नंतर झाकण. हे मी सविस्तर लिहितो, कारण इतक्या छोट्या वस्तूकडे कोणी बघत नाही. आमच्या झाकणावर १.१ लिहिलं आहे. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बार जास्त होईपर्यंत झाकणानं तो धरून ठेवायचा. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ला न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कुलंट असेल तर आणखी वर. मिस्त्रीनं झाकण हातपंपाला लावलं आणि हळूहळू दाबायला लागला. काटा निम्म्यावर गेला आणि फुस्स. त्याचं रबर दगड झालं होतं. म्हणजे आमच्या गाडीचं पाणी ठरल्यापेक्षा दहा-एक अंश आधीच उकळत होतं आणि उकळलेलं पाणी बाजूच्या डब्यातून बाहेर पडत होतं. दर आठ दिवसांनी डबा का भरावा लागतो, त्याचं उत्तर हे.

तोच पंप मग रेडिएटरच्या तोंडाला लावून १५ पीएसआयपर्यंत (साधारण एक बार) हवा भरली आणि मिस्त्री चहा प्यायला गेला. मुद्दाम गेला. काटा किती उतरतो ते बघायला वेळ द्यावा लागतो, आणि ही तपासणी घाईत केली तर काही दिसत नाही. परत आला तेव्हा काटा थोडा खाली आला होता. पोट्टा टॉर्च घेऊन खाली शिरला. खालच्या होज पाईपच्या क्लिपपाशी थेंब होता. कोणीतरी मूळची क्लिप काढून भलत्याच मापाची आवळली होती. इंजिन गरम असताना असा थेंब पडायच्या आधीच वाळून जातो, म्हणून खाली फरशीवर डाग दिसत नाही.

आता बावीस हजारांचा प्रश्न, गॅसकेट. डिपस्टिक काढून ऑइल पाहिलं, पांढरट फेस नाही. मग काचेच्या नळीत निळं औषध घातलं, रेडिएटरमधलं थोडं पाणी कमी केलं आणि ती नळी तोंडाला लावून इंजिन सुरू केलं. वरचा रबरी फुगा दाबत राहायचा, म्हणजे पाण्यावरची हवा त्या औषधातून ओढली जाते. हेड गॅसकेटमधून सिलिंडरचा धूर पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळं औषध पिवळं पडतं. मी डोळे लावून बसलो होतो. निळंच राहिलं. मिस्त्रीनं नळी माझ्या हातात दिली. "पाहून घ्या तुम्हीच. नंतर म्हनसान का मिस्त्रीनं उल्लू बनवलं." या एका तपासणीसाठी दुकानाला चार तारे.

इंजिन सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील. मिस्त्रीनं वरच्या होज पाईपवर हात ठेवला आणि लगेच विचारलं, "वाल कोनं काढला?"

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. तो असेल तर इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जातच नाही. वरचा पाईप थंड राहतो आणि वॉल उघडला की एकाएकी चटका बसतो. आमचा पाईप सुरुवातीपासूनच कोमट होत चालला होता. हिवाळ्यातल्या निळ्या दिव्याचं गूढ तिथं उकललं. मागच्या वर्षीच्या गॅरेजनं 'काहीतरी काढलं' म्हणालो ते हेच. आपल्याकडे पुष्कळ मिस्त्री ठामपणे सांगतात की विदर्भाच्या उन्हात वॉलची गरजच नाही. या मिस्त्रीला त्या वाक्याचा भयंकर राग आहे. इंजिनला नव्वदच्या आसपास राहायचं असतं, मग बाहेर ४६ असो की १२. वॉल नसला तर इंजिन थंडच चालतं, गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइल नीट तापत नाही. आणि काही इंजिनांत तर हा वॉल उघडताना दुसरी आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट उघडीच राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत बसतं. गरम होऊ नये म्हणून काढायचा आणि चढावर त्यानंच जास्त गरम व्हायचं, असा उलटा कारभार.

फॅन दोन्ही वेगांवर फिरत होता. तिथं काही नव्हतं.

मग रेडिएटर. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ, कारण समोरून दिसते ती एसीच्या कंडेन्सरची जाळी. रेडिएटर तिच्या मागं असतो आणि दोघांमध्ये दोन बोटांची फट. मिस्त्रीनं वरचे नट ढिले केले, रेडिएटर इंजिनाकडं कलवला आणि टॉर्च मारला. आत कापूस! हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) समोरच्या रांगा, कापसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं चालवलेली गाडी, वर गाजरगवताचा भुसा, धूळ, पाखरं. सगळं दाबून बसून जुन्या गोधडीचा पदर निघावा तसा एक सलग थर त्यानं ओढून काढला. एसी लावला की कंडेन्सरची गरमी याच्यावर येते आणि हवा तर पुढं जातच नाही. वॉशिंग सेंटरवाले समोरून प्रेशरचं पाणी मारतात तेव्हा हाच थर आणखी आत ठासला जातो, आणि जाळीची पातळ पानं वाकतात ती वेगळीच. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूनं बाहेर, आणि साध्या नळीच्या पाण्यानं.

धुऊन भागलं असतं तर मिस्त्रीनं तेवढ्यावरच सोडलं असतं, असं मला त्याच्या एकंदर वागण्यावरून वाटतं. पण रेडिएटर बाहेर काढून त्यात कढत पाणी ओतलं आणि मला म्हणाला, हात फिरवा. वरून हात भाजत होता. मधे एक पट्टा कोमट, आणि एका कोपऱ्यात ओंजळीएवढी जागा चक्क थंड. त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. मग खालचं तोंड मोकळं केलं. नव्या रेडिएटरमधून पाणी भसकन पडतं ते त्यानं शेजारी दाखवलं, आमच्यातून धार रडत रडत आली.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर तो उघडतो, नळ्यांत पट्टी घालून साफ करतो, पुन्हा डाग देऊन बसवतो. आमच्या पिकअपचं आणि साडभाऊंच्या ट्रॅक्टरचं काम त्यानं तसंच केलंय, स्वस्तात. पण आताच्या कारला ॲल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या पत्र्यानं आवळलेल्या असतात. त्यात पट्टी चालत नाही. त्यानं दोन रस्ते सांगितले. केमिकल घालून धुवायचा, हजाराच्या आत काम, पण गॅरंटी नाही आणि कुजलेला असेल तर धुतल्यावर गळायला लागेल. किंवा नवा. माझ्या कामात गाडी वाटेत थांबली तर मुलीकडच्या मांडवात माझा उद्धार होतो, म्हणून नवा घेतला. लीक बंद करायची पावडर घालता का, असं शेजारी उभ्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, त्याला मिस्त्रीनं जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही. ती पावडर आधी भोक बुजवते आणि मग नळ्याही बुजवते, एवढा त्याचा अर्थ.

नवा वॉल आला परतवाड्याहून, त्यावर ८२ कोरलेलं. बसवायच्या आधी मिस्त्रीनं तो तारेनं पातेल्यात लटकवला, थर्मामीटर सोडला आणि गॅस पेटवला. ऐंशी ओलांडल्यावर वॉलनं तोंड उघडायला सुरुवात केली, पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला. नवा माल पण तपासतो हा माणूस. म्हणाला, डब्यातून बिघडलेले निघाले आहेत.

मग निम्मं कुलंट आणि निम्मं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. त्यानंतर हवा काढायचा कार्यक्रम, ज्याला बाकी ठिकाणी कोणी वेळ देत नाही. गाडीचं तोंड चढावर करून उभी केली, हीटर फुल्ल, झाकण उघडं, इंजिन सुरू, आणि पोट्टा होज पाईप दाबतोय. बुडबुडे येत राहिले, पाणी खाली जात राहिलं, तो भरत राहिला. मे महिन्यात हीटर लावलेल्या गाडीत मलाच बसवलं होतं, ॲक्सिलरेटर धरायला. सिस्टिममध्ये हवा अडकली तर सेन्सरला पाणी लागत नाही, फॅन वेळेवर सुरू होत नाही आणि नवा रेडिएटर टाकूनही गाडी गरम होते. लोक मग म्हणतात, मिस्त्री फसवा निघाला.

दुपारनंतर मिस्त्री गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर घेऊन शेजारी बसला आणि घटांगच्या चढापर्यंत आलो. एसी चालू, बाहेर रखरखीत ऊन. स्क्रीनवर नव्वदच्या थोडं वर, चढावर वळणांवर सत्त्याण्णव, मग फॅन सुरू झाल्याचा आवाज आणि आकडा पुन्हा खाली. वाटेत त्यानं सांगितलेलं लिहून ठेवतो, कामाला येईल. लाल दिवा लागला तर आधी एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल्ल, कारण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच. हीटरमधून थंड हवा आली तर समजायचं आत पाणीच नाही, लगेच इंजिन बंद. दिवा जात नसेल तरी बाजूला घेऊन बंदच करायचं. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, वाफ तोंडावर येते. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं. मग खरोखरच बावीस हजार लागतात.

बिल साडेसात हजारांच्या आत झालं, रेडिएटर, झाकण, वॉल, क्लिप, कुलंट आणि मजुरी धरून. तपासणीचे ३०० रुपये वेगळे. हे तीनशे तो दोष सापडला नाही तरी घेतो आणि त्यावरून काही लोक तिथं वाद घालतात. माझ्या मते हेच त्याचं खरं काम आहे, पाना फिरवणारे पन्नास मिळतील.

आता कापलेला तारा. बसायला जागा नाही, एक मोडकी खुर्ची आणि कडुनिंबाची सावली, तीही दुपारी सरकते. घरच्या बाईमाणसाला आणि लेकरांना घेऊन जाऊ नका, अख्खा दिवस जातो. पक्कं बिल मिळत नाही, वहीतलं पान फाडून देतो. माझ्यासारख्या धंदेवाल्याला ते खर्चात दाखवता येत नाही. जुना रेडिएटर त्यानं न विचारता आपल्या चळतीत टाकला. मी भंगाराचे पैसे मागितले तेव्हा वजन करून बिलातून वजा केले, पण मागावे लागले. तोंड तिखट आहे. एसीचा गॅस, इंजिनाचं काम करत नाही, कूलिंगशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की दुपारी शेड बंद करून घरी जातो, संध्याकाळी उघडतो, तेव्हा सकाळी सातलाच पोचा. फोनवरून पैसे घेतो, पण त्या शेडमध्ये रेंज येईल तेव्हा. रोख ठेवा.

लग्नसराईचा जोर ओसरला की पिकअप नेणार आहे. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून थेंब यायला लागलाय. ते छिद्र कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं, आतली सील गेली की पाणी तिथून बाहेर येऊन सांगतं. आमच्या कारागिरानं ते एम-सीलनं बुजवायचं ठरवलं होतं, त्याला थांबवलं आहे.